गोव्यात दुपारचं रिसेप्शन, १८० पाहुणे: बार खिशाला झेपेल असा कसा ठरवायचा?

वधूची_मावशी

नमस्कार मंडळी. भाचीचं लग्न एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मडगावजवळ आहे. मुलगा गोव्यातला कॅथलिक, आम्ही पुण्याचे. सकाळी चर्च, नंतर दुपारी १२ ते ४ लॉनवर रिसेप्शन. अर्ध्या लॉनवर मांडव आहे, अर्धं उघडं. पाहुणे १८०, त्यात ३० मुलं. उरलेल्या १५० मोठ्यांपैकी घेणारे साधारण ८०. आमच्याकडच्या बऱ्याच ज्येष्ठांना हा प्रकार फारसा रुचणारा नाही, पण व्याह्यांकडे बार नसलेलं लग्न ही कल्पनाच नाही.

लॉनवाल्यांनी चार पर्याय दिलेत:

१) फुल बार, चार तास अनलिमिटेड, माणशी १,४००, सगळ्या १५० मोठ्यांवर.
२) फक्त बियर आणि वाइन, माणशी ८५०, तेही १५० वरच.
३) दारू आपली, कॉर्केज (आपल्या बाटल्या तिथे उघडून देण्याचा आकार) बाटलीमागे ३००. बर्फ, ग्लास, दोन बारटेंडर त्यांचे.
४) जेवढी लागेल तेवढं बिल. बियर पाइंट (३३० मिलीची छोटी बाटली) १८०, वाइनचा ग्लास ३५०, ६० मिलीचा पेग ३२० (सोडा-मिक्सर धरून).

गावातल्या दुकानदाराचे भाव असे: बियर पाइंट २४ ची केस १,९००, मोठी बाटली १२ ची केस १,५००, भारतीय वाइन ७००, स्पार्कलिंग (फेसाळ) वाइन ९००, फेणी किंवा जिन ६०० च्या आसपास.

बारसाठी ७५ हजारांच्या वर जायचं नाही असं ठरलंय. पर्याय २ स्वस्त दिसतो म्हणून सगळ्यांचा कल तिकडे आहे. बरोबर आहे का?

हिशेबनीस

मावशी, पर्याय २ स्वस्त दिसतो, पण १५० × ८५० म्हणजे १,२७,५०० झाले. आणि त्यातले ७० जण लिंबू सरबत पिणार. न पिणाऱ्यांच्या डोक्यावर ५९,५०० रुपये! पॅकेजचा दर माणशी किती यापेक्षा माणसं कुठली मोजली हे बघा. "पिणाऱ्यांनाच हातात बँड बांधू, ८० चेच पैसे देऊ" असं विचारून बघा. कबूल झाले तर ६८,००० होतात आणि मग पॅकेजचा विचार करता येतो. बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात, कारण त्यांचा सगळा नफा त्या ७० जणांवर असतो.

आता किती लागेल ते काढू. रात्रीच्या पार्टीचा हिशेब दुपारला लावू नका. पहिल्या तासात माणशी दीड, पुढे तासाला पाऊण, आणि जेवण सुरू झालं की जवळजवळ थांबतं. बार प्रत्यक्षात तीन तास चालतो, म्हणजे माणशी ३ ग्लास. ८० × ३ = २४०. एप्रिलच्या उकाड्यात निम्म्याहून जास्त लोक बियरच मागतील. म्हणून असं धरा: बियर १३२, वाइन ४८, एक ठरवलेलं कॉकटेल ६०.

बियर १३२ ग्लास, ग्लास ३३० मिलीचा, म्हणजे साडेत्रेचाळीस लिटर. वाइन १५० मिलीच्या मापाने एका बाटलीत ५ ग्लास, म्हणजे १० बाटल्या, घ्यायच्या १२. कॉकटेलमध्ये ४५ मिली घाला, ६० नको. दुपार आहे, आणि फळाचा रस असला की फरक कळत नाही. ६० ग्लासांना २.७ लिटर, म्हणजे ७५० च्या ४ बाटल्या. राखीव धरून ६ घ्या. टोस्टला, म्हणजे जोडप्यासाठी ग्लास उंचावताना, प्रत्येकाला ७५ मिली स्पार्कलिंग पुरे, घोटभरच असतो. एका बाटलीत १० जण. १०० जणांना १० बाटल्या, बाकीच्यांच्या ग्लासात कोकम सोडा.

इथे कॉर्केजची खरी मेख आहे. "बाटलीमागे ३००" म्हणजे ३३० मिलीचा पाइंटसुद्धा एक बाटली! पाइंट घेतले तर ६ केस म्हणजे १४४ बाटल्या, नुसत्या बियरचं कॉर्केज ४३,२०० आणि बियर ११,४०० ची. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्याऐवजी ६५० मिलीच्या मोठ्या बाटल्या घ्या. ७२ बाटल्या, ६ केस, ९,००० रुपये, कॉर्केज २१,६००. बारटेंडरने एक बाटली दोन ग्लासांत ओतायची. पाहुण्याच्या हातात मोठी बाटली द्यायची नाही, नाहीतर अर्धी गरम होऊन टेबलावर राहते.

सगळं मिळून: बियर ९,०००, वाइन ८,४००, स्पार्कलिंग ९,०००, फेणी-जिन ३,६००. एकूण दारू ३०,०००. बाटल्या बरोबर १००, कॉर्केज ३०,०००. झाले ६०,०००. दारूवर जीएसटी नसतो, पण कॉर्केज ही सेवा आहे, त्यावर १८ टक्के धरा, म्हणजे आणखी ५,४००. ज्यूस, सोडा, कोकम, लिंबं यांना ५,०००. सत्तर हजारांच्या आसपास बसतं.

आणि हे सगळं करण्याआधी एक वाक्य बोलून बघा: "बाटल्या मोजत बसू नका, कॉर्केजचे एकरकमी २० हजार घ्या." रविवार दुपारचा स्लॉट बहुतेक रिकामा असतो, रात्रीपेक्षा तिथे घासाघीस जास्त चालते.

कोथरूडकर

पुण्याहून चार गाड्या येणारच आहेत ना, प्रत्येकीच्या डिकीत थोडी थोडी टाकून आणा की. ओळखीच्या दुकानात सवलत मिळते. नाहीतर सरळ कॅश बार ठेवा, ज्याला हवी तो विकत घेईल.

सासष्टीकार

कोथरूडकर, दोन्ही नको. गोव्यात दारू महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, म्हणजे उलटी गंगा. त्यातून बाटलीवर ज्या राज्यात विक्रीला आहे त्याचं नाव छापलेलं असतं. दुसऱ्या राज्याच्या लेबलचा माल लॉनच्या बारवर सापडला तर परवाना त्यांचा जातो, ते हात लावू देणार नाहीत. परत जातानाही तेच. उरलेल्या गोव्याच्या बाटल्या डिकीत घालून घाट चढू नका. बांदा-इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्कवाले गाड्या उघडतात, आणि महाराष्ट्राचा पिण्याचा परवाना खिशात आहे म्हणून गोव्याची दारू चालते असं नाही.

कॅश बार लग्नात ठेवला तर मुलाकडचे तोंडावर काही बोलणार नाहीत, पण पुढची वीस वर्षं विषय निघत राहील.

मावशी, परवान्याचं आधी विचारा. लॉनला स्वतःचा बार परवाना आहे की फक्त हॉल आहे? परवाना नसेल तर तालुक्याच्या एक्साइज स्टेशनातून त्या दिवसापुरता परवाना काढावा लागतो. तो कोण काढणार आणि फी कुणाची, हे कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी "होऊन जातं" यावर विसंबू नका. तारीख निवडणुकीच्या आसपास येत नाही ना हेही बघा. मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत दारू विकता किंवा वाटता येत नाही, मग हॉटेल कितीही मोठं असो.

एप्रिलची शेवटची तारीख म्हणजे काजूचा हंगाम, हुर्राक मिळेल. बोंडूचा रस आंबवून भट्टीत पहिल्यांदा गाळला की हुर्राक. तो पुन्हा ऊर्ध्वपातनात घातला की फेणी. हुर्राक साधारण १५ टक्क्यांच्या आसपास, फेणी ४२ च्या पुढे. दुपारला हुर्राकच शोभतो. लिंबाचं सोडा पेय, मीठ, लिंबाची फोड आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, एवढंच. पण दोन अडचणी आहेत. एक, तो टिकत नाही, काही आठवड्यांत वास उतरतो, म्हणून आधी आणून ठेवायचा प्रकार नाही. दोन, चांगला हुर्राक बऱ्याचदा सुटा, कॅनमध्ये मिळतो, आणि लेबल नसलेला माल परवान्याच्या बारवर चालत नाही. सीलबंद, लेबलची बाटली मिळाली तरच.

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय, आमचा तिच्यावर जीव आहे, तरीही सांगतो: सगळं कॉकटेल फेणीवर ठेवू नका. पुण्याच्या पाहुण्यांपैकी अर्धे वासानेच ग्लास खाली ठेवतील. ३ बाटल्या फेणी, ३ बाटल्या जिन, कोकम दोन्हींना तेच. न पिणाऱ्यांनाही तेच कोकम सोड्यात. तीन पेयं, तयारी एकच.

व्हिस्कीचं काय, हा प्रश्न येणारच. मुलाच्या काकालोकांपैकी आठ-दहा जण व्हिस्कीशिवाय दुसरं काही घेत नाहीत हे गृहीत धरा. बारवर मांडू नका. २ बाटल्या मागे ठेवा, मागेल त्याला द्या. मांडली की बियर पिणारेही तिकडे वळतात आणि हिशेब कोलमडतो.

काउंटर_नंबर_दोन

वरचे आकडे ठीक आहेत. पण दुपारच्या लॉनवर बार फसतो तो दारू कमी पडून नव्हे. बर्फ आणि ग्लास कमी पडून.

बर्फ: लॉनवाले "बर्फ आमचा" म्हणतात तेव्हा किती किलो ते विचारा. १८० माणसांना उन्हात १५० किलो हवा. ५० बियरच्या टबात, ६० ग्लासात आणि सरबतात, ४० राखीव. राखीव बर्फ थर्माकोलच्या पेटीत सावलीला, आणि २ वाजता दुसरी खेप मागवलेली असावी. ग्लासात घालायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा क्यूब हवा. कारखान्याची लादी फोडून ती टबात वापरा, ग्लासात मुळीच नाही.

टबात नुसता बर्फ भरला की बाटली थंड व्हायला तास लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला जेमतेम चार ठिकाणी टेकतात. अर्धा टब बर्फ, त्यात बाटल्यांच्या मानेपर्यंत पाणी, आणि दोन मुठी जाडं मीठ. अर्ध्या तासाच्या आत पिण्याजोगी गार होते. पांढरी वाइन आणि रोझे (गुलाबी वाइन) सुद्धा अशाच बादलीत, मिठाशिवाय, २० मिनिटं. रेड मांडवात ३४ अंशाला ठेवली तर औषधासारखी लागते. तीही दहा मिनिटं बादलीत घाला. १२ बाटल्यांत ५ पांढरी, ४ रोझे, ३ रेड पुरे. फिरकीच्या झाकणाच्या घ्या. बुचाच्या बाटल्या उघडण्यात रांग लागते.

सगळी बियर एकदम टबात टाकू नका. पाण्यात भिजून लेबल सुटलं की दुकानदार बाटली परत घेत नाही. दुकानात आधीच ठरवा: सील आणि लेबल शाबूत असलेली बाटली परत, किती दिवसांत, आणि पैसे परत की क्रेडिट. सुरुवातीला २४ मोठ्या बाटल्या टबात, मग दर अर्ध्या तासाला १२. उरलेल्या केस फोडायच्याच नाहीत.

कुणी "केग (बियरचं पिंप) घ्या, एक केग म्हणजे एकच बाटली, कॉर्केज वाचेल" असं सुचवेल. कागदावर पटतं. ३० लिटरचे दोन केग लागतील. पण वाहतुकीत हिंदकळलेला केग काही तास स्थिर आणि ३-४ अंशाला गार असावा लागतो. उन्हात नळी तापली की विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि ग्लासभर फेस येतो. रोपट्यासारखं सांभाळणारा माणूस आणि कूलर सोबत मिळत असेल तर घ्या. दुपारी उघड्या लॉनवर एरवी नको.

ग्लास: ८० पिणारे × ३ आणि टोस्टचे वेगळे १५०. धुण्याची सोय दूर असते, म्हणून "लागतील तसे देऊ" हे उत्तर चालवून घेऊ नका. दोन बारटेंडर पुरतील, पण बर्फ आणि रिकामे ग्लास उचलायला तिसरा माणूस हवाच. तो नसला की बारटेंडर काउंटर सोडून जातो आणि रांग मांडवापर्यंत येते.

सरबत, कोकम, पाणी यांचं काउंटर बारपासून दूर, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. मुलं आणि आजी-आजोबा बारच्या रांगेत उभे राहू नयेत, आणि रुचत नाही त्यांच्या नजरेसमोरही बार येत नाही. पिण्याचं पाणी माणशी दीड लिटर, म्हणजे २० लिटरचे १४ जार.

वधूची_मावशी

सगळ्यांचे आभार, डोक्यात बराच उजेड पडला. दोन शंका. पर्याय ४ चा कुणी विचारच केला नाही, तो महागच पडतो का? आणि ते कोकमचं माप नीट सांगाल का, आगळ घ्यायचं की सरबताचं?

सासष्टीकार

कोकम आधी. आगळ नको, त्यात मीठ असतं, फेणीत घातलं की सोलकढीचं भूत होतं. गोड अमृत कोकम घ्या. २० ग्लासांचं माप: फेणी किंवा जिन ९०० मिली, अमृत कोकम ६०० मिली, गाळलेला लिंबाचा रस ३०० मिली (मध्यम १५ ते २० लिंबं), भाजलेल्या जिऱ्याची पूड २ चमचे, चवीला मीठ. मिश्रण १.८ लिटर होतं. ग्लासात बर्फ, त्यावर ९० मिली मिश्रण, वर १२० मिली गार सोडा. सोडा जगमध्ये मिसळून ठेवायचा नाही, दहा मिनिटांत मरतो. फेणी आणि कोकम आदल्या रात्री मिसळून ठेवलं तरी चालतं, लिंबू मात्र सकाळी. रात्रभर ठेवलेला लिंबाचा रस कडवट लागतो. मुलांच्या काउंटरसाठी हेच फेणीशिवाय, आणि जग वेगळ्या रंगाचे. सारख्या जगात दोन्ही ठेवलं की कुणीतरी चुकतंच.

हिशेबनीस

पर्याय ४ राहून गेला खरा. मांडून बघू: बियर १३२ × १८० = २३,७६०. वाइन ४८ × ३५० = १६,८००. कॉकटेल ६० × ३२० = १९,२००. एकूण ५९,७६०. टोस्टच्या १० बाटल्या आपल्या, कॉर्केजसकट १२,०००. झाले ७१,७६०. त्यावर कर वेगळा की धरलेला, ते विचारा. दारूवर व्हॅट लागतो आणि कोटेशनमध्ये तो बऱ्याचदा तळाला बारीक अक्षरात असतो.

म्हणजे पॅकेजपेक्षा हा कितीतरी बरा, आणि आपल्या दारूपेक्षा थोडाच महाग. शिवाय केस आणणं, परत करणं, लेबलं सांभाळणं हे काहीच नाही. धोका एकच, वरचा आकडा बांधलेला नसतो. माणशी ३ ऐवजी ४ झाले तर बिल सरळ वीस हजारांनी चढतं. आपल्या दारूत संपली की संपली.

काउंटर_नंबर_दोन

तरीही तुमच्या घरात धावपळीला मोकळा माणूस नसेल तर पर्याय ४ च घ्या, पण तीन अटी लिहून घ्या. पहिली, ६० हजारांची मर्यादा. ५० झाले की मॅनेजरने ठरवलेल्या एका माणसाला विचारायचं, त्याच्याशिवाय पुढे नाही. तो माणूस नवरदेवाचा मित्र नसावा. दुसरी, बिल रिकाम्या बाटल्या मोजून, केओटीच्या (ऑर्डर लिहिलेल्या) चिठ्ठ्यांवरून नाही. रिकाम्या बाटल्या कार्यक्रम संपेपर्यंत फेकायच्या नाहीत. तिसरी, ४५ मिलीच्या कॉकटेलला ६० चा भाव लावायचा नाही. २४० रुपये मागा. ६० ग्लासांवर ४,८०० वाचतात.

हिशेबनीस

हे मान्य. मग एकरकमी कॉर्केज २०-२५ हजारांत मिळत असेल तर पर्याय ३, नाहीतर मर्यादा घालून पर्याय ४.

कोथरूडकर

डिकीचा सल्ला मागे घेतो. वेळेचं काय? १२ ला बार उघडला तर जेवणापर्यंत लोक बसलेच की.

काउंटर_नंबर_दोन

१२ ला उघडू नका. चर्चमधून येऊन फोटो होईपर्यंत पाऊण वाजतो. तोवर शहाळं, कोकम, लिंबू सरबत आणि खायला काहीतरी तळलेलं, कटलेट किंवा रिसॉइश. उन्हात रिकाम्या पोटी पहिली बियर गेली की दोनच्या आत कुणीतरी सावलीत आडवं होतं. टोस्ट पाऊणला, त्याच वेळी बार उघडा. जेवण सव्वा ते दीडच्या दरम्यान. सव्वातीनला बार बंद, आणि "शेवटचा ग्लास" अशी घोषणा करायची नाही, ती ऐकून प्रत्येक जण दोन घेतो. टब उचलायला लागायचं, लोकांना कळतं. त्याच वेळी चहा-कॉफी काउंटरवर यायला हवी.

परतीच्या गाड्यांचं बोलून ठेवा. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तर पहिल्याच वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि दुपारी चारला हायवेवर लख्ख उजेड असतो. पुण्याच्या मंडळींसाठी हॉटेल ते लॉन दोन मिनीबस हा खर्च बारच्या खात्यातच धरा.

वधूची_मावशी

लॉनवाल्यांशी आत्ताच बोलणं झालं. एकरकमी २५ हजारांना तयार आहेत, बर्फ १०० किलो त्यांचा. परवाना त्यांच्याकडे आहे, त्याची प्रत पाठवतो म्हणाले. पर्याय ३ ठरवतेय. वरचा ५० किलो बर्फ कुठून घेऊ?

सासष्टीकार

मडगावात मासळी बाजाराच्या आसपास लादी मिळते, ती टबापुरती. क्यूब केटरर सांगेल त्याच्याकडून, आदल्या दिवशी पैसे भरून. रविवारी सकाळी फोन करून क्यूब मिळत नाही.